बंबकाका आणि चार मिनिटं दहा सेकंद

आग विझवायच्या नळकांड्याच्या मानेवर एक लहानशी तबकडी असते. तिचा काटा हिरव्या पट्ट्यात असला की नळकांडं ठीक आहे, असं सारं जग मानतं. बंबकाका मानत नसत. ते आधी तबकडीवर टिचकी मारत, मग नळकांडं भिंतीवरून उतरवून हातात तोलत, उलटं करून कानाशी नेत आणि आतली पावडर सरकते का ते ऐकत. बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं. पावडर सरकली तरच टॅगवर सही. सही करून पुढे गेल्यावरही एकदा मागे वळून बघत, कारण पाठ फिरल्यावर कोण काय करेल याचा नेम नाही असं त्यांचं म्हणणं होतं. नळकांडंसुद्धा त्यातच आलं.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत अशी चौऱ्याऐंशी नळकांडी होती. तळमजला धरून पाच मजले, दोन जिने, एक लिफ्ट, आणि या सगळ्यावर पहारा ठेवणारे पन्नाशीचे काका. कागदावर त्यांचं पद होतं अग्निसुरक्षा पर्यवेक्षक. एवढं लांबलचक नाव घ्यायला मुलांना वेळ कुठला? त्यांनी पहिल्याच वर्षी 'बंबकाका' करून टाकलं आणि मग कुलसचिवांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, धंदा होता, आणि धंदा हळूहळू अंगात मुरला होता. मागचा दरवाजा उघडा आहे असं कोणी सांगितलं की ते स्वतः जाऊन ढकलून बघत. प्राध्यापकांच्या खोल्यांच्या दारात उभं राहून नाक वर करत आणि विचारत, "सर, किटली गरम आहे का?" खोलीत विजेची किटली ठेवायला बंदी होती. नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती जाडजाड ग्रंथांच्या मागे दडवली होती, तीही काकांनी वासावर शोधून काढली. प्राध्यापक म्हणाले, ही माझी नाहीच. काकांनी नुसतं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा ग्रंथांच्या पाठीवरच्या नावांकडे पाहिलं आणि किटली काखेत मारून ते निघून गेले.

असा माणूस घरात असला की जीव नकोसा होतो. हवं तर त्यांच्या बायकोला विचारा. पण दोनशे माणसांच्या इमारतीत असा एखादा असावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मुळात काका जन्मतः असे नव्हते. अठरा वर्षांपूर्वी ते कापडाच्या एका गोदामात नोकरीला होते. तिथे एका दुपारी आग लागली. माणसं धावत बाहेर आली आणि हजेरीची यादी काकांच्या हातात होती. त्यांनी एकेक नाव पुकारलं, सेहेचाळीस वेळा "हजर" ऐकलं, आणि आग विझवायला आलेल्या लोकांना सांगितलं की आत कोणी नाही. त्यातलं एक "हजर" दुसऱ्याच्या तोंडचं होतं. सकाळी उशीर करणाऱ्या दोस्तासाठी रोज हजेरी लावायची सवय, त्याच सवयीनं त्यानं ओ दिली; दोस्त कुठेतरी बाहेरच असेल असं धरून चालला. दोस्त मागच्या बाजूला गठ्ठ्यांमध्ये होता. यादी बरोबर होती आणि माणूस आत होता. काकांनी यादीवरून मान वर करून कोण ओ देतंय ते पाहिलं असतं, तर कळलं असतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काकांचं तर तोंडच नव्हे, सगळा जीव पोळला होता. तेव्हापासून त्यांना एकच भीती होती: खऱ्या आगीच्या दिवशी या इमारतीत एक माणूस मागे राहील, आणि आपण कागदाकडे बघत सगळे आले म्हणून सांगू.

म्हणूनच त्यांना त्या चार मिनिटं दहा सेकंदांचा संशय येत होता.

वर्षातून दोनदा मॉक ड्रिल व्हायचं. धोक्याची घंटा वाजली की लिफ्ट बंद, सगळ्यांनी जिन्यानं उतरायचं आणि समोरच्या मैदानात झाडाखाली जमायचं. प्रत्येक मजल्याचा एक प्रमुख ठरलेला, तो आपल्या मजल्याची माणसं मोजून काकांना आकडा सांगायचा. जे रजेवर असतील ते मोजणीत धरायचे नाहीत, हा नियम काकांनीच घातलेला. तीन वर्षांत सहा ड्रिलं झाली आणि सहाही वेळा चार ते साडेचार मिनिटांत इमारत रिकामी. शेवटच्या वेळी तर चार मिनिटं दहा सेकंद. कुलसचिव इतके खूश झाले की त्यांनी तो अहवाल काचेच्या चौकटीत घालून आपल्या खोलीत टांगला.

"काका, आता तरी हसा की," ते म्हणाले.

"साहेब, दोनशे माणसं एवढ्या झटपट जेवायलासुद्धा उठत नाहीत," काका म्हणाले.

कुलसचिवांना हे आवडलं नाही. गोड आंबट लागायला लागलं की दोष जिभेचा असतो, असं काहीतरी ते पुटपुटले.

पण काकांनी डोळे उघडे ठेवले होते. ड्रिलच्या दिवशी संख्याशास्त्राच्या बाई, ज्या वर्षभर टाचांच्या चपला टकटक वाजवत फिरतात, त्या नेमक्या सपाट बुटात आलेल्या असायच्या. कँटीनवाल्याचा गॅस घंटेच्या आधीच बंद. झेरॉक्सवाल्याच्या खिडकीवर 'दहा मिनिटांत येतो' ही पाटी घंटा वाजायच्या आधीच लटकलेली. मुलांच्या बॅगा भरलेल्या. घंटा वाजली की लोक दचकायचेच नाहीत, लग्नाच्या पंगतीत पानं वाढल्याची हाक आल्यासारखे शांतपणे उठायचे. याचा अर्थ सरळ होता. तारीख फुटत होती.

आता तारीख माहीत असायची फक्त दोघांना. काकांना, आणि बंद पाकिटातून कुलसचिवांना. कुलसचिव पाकीट उघडतही नसत, कारण त्यांना त्यात रस नव्हता. मग उरली त्यांची लेखनिक बाई. गोल चष्मा, हळू आवाज, सगळ्यांशी गोड. एवढं गोड कोण असतं? काकांचा संशय तिच्यावर जाऊन बसला आणि तीन वर्षं उठला नाही. त्यांनी सापळा लावला. पाकिटात मुद्दाम खोटी तारीख घातली आणि त्या दिवशी सगळ्यांच्या पायांकडे बघत फिरले. संख्याशास्त्राच्या बाई टाचांच्या चपलांत होत्या. म्हणजे लेखनिक बाईनं पाकीट उघडलं नव्हतं. काकांनी त्यातून निष्कर्ष काढला की बाई भलतीच हुशार आहे.

मग कँटीनवाला. त्याच्यासमोर चहा पिता पिता काका सहज बोलून गेले, "परवा जरा गडबड आहे माझी." परवा गॅस बंद नव्हता. मग रात्रपाळीचा वॉचमन. मग झेरॉक्सवाला. शेवटी एका सकाळी त्यांनी घरीच विचारलं, "मी झोपेत बोलतो का गं?"

"बोलता," बायको म्हणाली. "पण तारीखबिरीख नाही. 'परत मोजा, परत मोजा' एवढंच."

त्यावर काका न जेवता डबा घेऊन निघाले.

सगळ्या इमारतीत त्यांचा पूर्ण विश्वास होता अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला सगळेच अक्का म्हणत. चौथ्या मजल्यावर जुन्या प्रबंधांची खोली होती, तिथली ती राखणदार. कोणत्या वर्षी कोणी कशावर लिहिलंय ते तिला तोंडपाठ. यादी उघडायची वेळच येत नसे. आई गेली तेव्हा काका सहा वर्षांचे होते आणि अक्का चौदाची. त्यांच्या वह्यांवर नाव घालण्यापासून त्यांना मारून शाळेत पाठवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. अजूनही ती त्यांना 'धाकट्या' म्हणे, चारचौघांत सुद्धा, आणि काका कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. घरी एकटी, ही खोली म्हणजेच तिचा संसार.

दुपारी एक वाजता दोघं तिच्या खिडकीपाशी बसून डबा खात. खिडकीतून इमारतीचं फाटक, मैदान आणि काकांची खोली, दाराशी लावलेल्या स्कूटरसकट सगळं दिसे. तिथे बसून काका आपले संशय एकेक करून अक्कासमोर मांडत.

"ती लेखनिक बाईच असणार. तिची नजर बघ ना कशी आहे."

"तिला चाळिशी लागलीय, धाकट्या. नजर तशीच असते."

"मग फोडतं कोण?"

अक्कानं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "फुटेना का. माणसं बाहेर येतात ना? मग झालं तर. जा, माझी पाण्याची बाटली तेवढी भरून आण. गुडघे कुरकुरतायत आज."

बाटली ते रोज भरून आणत. अक्का सकाळी साडेनऊला, गर्दीच्या आधी, लिफ्टनं वर येते आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर लिफ्टनं खाली जाते, हेही त्यांना माहीत होतं. तिच्या कामसूपणाचं त्यांना कौतुक होतं. ग्रंथांमागची किटली हुंगून काढणाऱ्या या माणसाला आपल्या बहिणीनं वर्षानुवर्षं जिन्याची एक पायरी उतरलेली नाही, याचा वास आला नाही. प्रेमाच्या माणसाकडे आपण बघतच नाही, नुसते त्याच्याशी बोलत बसतो.

शेवटी काकांनी ठरवलं की तारीख स्वतःलाही कळू द्यायची नाही. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून त्यांनी पंचवीस पांढरी बटणं आणि एक लाल बटण काढलं, आणि ते सगळं गोळ्यांच्या एका रिकाम्या डबीत भरलं. रोज सकाळी दहाच्या सुमारास, पहिली फेरी झाली की आपल्या खोलीचं दार लावायचं, डोळे मिटायचे आणि एक बटण काढायचं. लाल निघालं तर त्याच क्षणी घंटा. कुलसचिवांची त्यांनी मोघम परवानगी काढली: "या महिन्यात कधीतरी." कुलसचिव म्हणाले, "तुम्ही आता घड्याळावरसुद्धा संशय घ्यायला लागाल." काका म्हणाले, "घेतो. रोज मिळवून बघतो."

सोळा दिवस पांढरं बटण निघालं. बायको घरी लाल बटण शोधत होती आणि काका तोंड मिटून होते. सतराव्या दिवशी, दहा वाजून वीस मिनिटांनी, मिटलेले डोळे उघडले तर तळहातावर लाल.

त्यांनी लिफ्टची किल्ली फिरवून ती तळमजल्यावर बंद केली, घंटेची काच फोडली आणि हातातलं घड्याळ सुरू केलं.

काय ती तारांबळ! तीन वर्षांत पहिल्यांदाच इमारत खरी दचकली. जिन्यात एकाच्या हातातला चहा दुसऱ्याच्या पाठीवर. कँटीनमध्ये दूध उतू. संख्याशास्त्राच्या बाई चपला हातात घेऊन अनवाणी उतरत होत्या. झेरॉक्सच्या रांगेतली मुलं नंबर जाईल म्हणून हलायला तयार नव्हती. त्यांना काकांनी शिट्टी फुंकून हाकललं. एक प्राध्यापक अर्ध्या जिन्यातून चष्मा आणायला परत वर चढू लागले, त्यांना मुलांनीच उचलून वळवलं. मैदानात सगळे जमेपर्यंत अकरा मिनिटं झाली होती.

काकांना मनापासून आनंद झाला. अकरा मिनिटं हा वाईट आकडा होता, पण खरा होता. घंटा अजून वाजत होती, कारण मोजणी पूर्ण होईपर्यंत ती थांबवायची नाही असा नियम. मजलाप्रमुख एकेक करून आले. तळमजला बरोबर. पहिला, दुसरा, तिसरा बरोबर. चौथ्या मजल्याचा प्रमुख, प्रयोगशाळेतला सहायक, धापा टाकत आला.

"अडतीस, काका. सगळे आले. एक रजेवर."

बेरीज जुळली. दोनशे दहा. काकांनी पेन कागदावर टेकवलं आणि तिथेच थांबले. एवढ्या गोंधळात बेरीज जुळते? जुळलेल्या बेरजेनंच त्यांचा एकदा घात केला होता.

"रजेवर कोण?"

"अक्का."

"अक्का?"

"त्या ड्रिलला नसतातच ना काका. आजवर सहाही वेळा त्यांची रजाच होती. म्हणून मी आपला सवयीनं..." तो काकांचा चेहरा बघून थांबला.

काकांनी त्याच्या हातातलं हजेरीचं रजिस्टर ओढून घेतलं. सकाळी नऊ बत्तीस. खाली ओळखीचं अक्षर, पहिल्या अक्षराची शेपटी लांब सोडलेलं. लहानपणी त्यांच्या प्रत्येक वहीवर हेच अक्षर होतं. दोनशे अकरा. माणूस आत होता.

ते पळाले. लिफ्ट त्यांनीच बंद केलेली, किल्ली खिशात. पण ते सुचलंही नाही. पन्नाशीच्या माणसानं किल्ल्यांचा जुडगा वाजवत चढायचे ते जिने नव्हेत. दुसऱ्या मजल्यावर छातीत कळ आली, तिसऱ्यावर डोळ्यांपुढे अंधारी. घंटा कानात ठणकत होती आणि त्यांना गोदामातले गठ्ठे दिसत होते.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, जिन्याच्या फरशीवर, अक्का बसली होती. एक पाय सरळ पुढे, एका हातानं कठडा घट्ट धरलेला. दुसऱ्या हातात ओला रुमाल, नाकातोंडावर दाबलेला. शक्य तितकी खाली वाकून, जमिनीलगत. अशा वेळी काय करायचं याची चित्रं काकांनीच प्रत्येक मजल्यावर चिकटवली होती. ओला रुमाल घ्या, खाली वाका, धूर वर जातो. तिनं सगळं चित्रात होतं तसंच केलं होतं.

त्यांना बघून तिनं रुमाल काढला. "तू कशाला वर आलास? खाली जा आधी. मुलं उतरली ना सगळी?"

"अक्का, अगं..."

"जा म्हणते ना, धाकट्या. मला नाही उतरता येत. दहा पायऱ्या उतरले, आता पाय उचलत नाही. मुलं थांबत होती, मीच पुढे घातलं त्यांना. म्हटलं येते मागून."

"अक्का, आग नाहीये. ड्रिल आहे."

तिनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. लहानपणी खोटं बोलल्यावर बघायची तसंच. "उगाच धीर देऊ नकोस. ड्रिल असतं तर तुझी स्कूटर तिथे नसती."

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते तिच्याशेजारी पायरीवर खाली बसले.

काकांच्या खोलीपुढे फाटकापासून पिवळे पट्टे आखलेले होते. ही आगीच्या बंबाची वाट. इथे वाहन लावायचं नाही अशी पाटीही काकांनीच लावलेली. दुसऱ्या कोणी सायकल टेकवली तरी ते चाकाची हवा सोडत. स्वतःची स्कूटर मात्र रोज तिथेच, खोलीच्या दाराशी. एवढीशी तर स्कूटर, हवी तेव्हा काढता येते. फक्त ड्रिलच्या दिवशी, नियम म्हणजे नियम म्हणून, ती सकाळी आल्या आल्या मागच्या सायकलींच्या शेडमध्ये नेऊन ठेवत. एकदाही चुकले नाहीत. आणि ती जागा रिकामी दिसली की फाटकातून आत येणारा प्रत्येक माणूस समजून जाई. संख्याशास्त्राच्या बाई गाडीतले सपाट बूट पायात घालत. अक्का फाटकातूनच परत जाई आणि घरून रजेचा फोन करी. आज बटण निघालं तेव्हा स्कूटर केव्हाची आपल्या जागेवर लागलेली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तीन वर्षं त्या गोल चष्म्याच्या बाईवर पाळत, आणि तारीख फोडणारे हे स्वतः.

"म्हणजे तुला वाटलं..." काका म्हणाले.

"खिडकीतून बघितलं. स्कूटर होती. म्हटलं, खरीच लागली." अक्कानं रुमाल पिळला आणि पदराला हात पुसले. "मग बसले. म्हटलं, बसून राहावं. तू वर येऊ नयेस एवढंच वाटत होतं."

काका रडले. घंटेच्या आवाजात ते कोणाला ऐकू आलं नसतं, पण अक्काला दिसलं, आणि तिनं त्यांच्या पाठीवर एक जोरात चापट मारली. धीराची होती की रागाची, ते काकांना आजही सांगता येत नाही.

"कधीपासून?"

"चार वर्षं होतील. जिना उतरताना कंबर धरते, पाय सुटतो. सांगितलं असतं तर या लोकांनी घरी बसवलं असतं मला." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "धाकट्या, लिहू नकोस. दोनच वर्षं राहिलीत. लिफ्ट आहे ना माझी. लिहू नकोस."

काकांनी खाली जाऊन कँटीनवाल्याला आणि दोन दांडग्या पोरांना आणलं. लिफ्ट नियमाप्रमाणे बंदच ठेवली, तिच्या खोलीतली लाकडी खुर्ची काढली आणि तिला बसवून वळणावळणानं खाली आणली. खुर्ची जिन्याच्या कोपऱ्यांत अडकत होती, अक्का प्रत्येक अडकण्याला पोरांना नावं ठेवत होती. मैदानात पाय टेकले तेव्हा काकांच्या हातातलं घड्याळ चौतीस मिनिटं दाखवत होतं. अक्का मात्र लोकांकडे न बघता सरळ समोर बघत बसली. दोनशे दहा माणसं तिच्याकडे बघत होती, आणि तिला त्याचीच भीती होती.

"काका, आज स्कूटर हलवायला विसरलात का?" कँटीनवाला घाम पुसत म्हणाला. "दूध गेलं की माझं सगळं. आम्हाला वाटायचं तुम्ही मुद्दाम इशारा देता."

लेखनिक बाईनं चष्म्यावरून हळूच पाहिलं. काकांना तिची माफी मागायची होती, पण ती विद्या त्यांना येत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या खोलीतलं नळकांडं दोनदा तपासून दिलं, ते तिनं समजून घेतलं असावं.

अहवाल लिहायला ते दुपारी बसले. डबा न उघडता. फॉर्मात एक रकाना होता, 'इमारत रिकामी होण्यास लागलेला वेळ'. अकरा लिहिलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. परत वर जाऊन बसलेल्या बहिणीची दोन वर्षं एका आकड्यावर होती, आणि पाण्याच्या बाटलीखेरीज तिनं आयुष्यात त्यांच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. लिफ्ट तर होतीच. आग लागेलच असं थोडंच आहे? असं ते पाऊण तास स्वतःला सांगत होते, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःकडे त्या प्राध्यापकांच्या किटलीकडे पाहावं तसं पाहिलं.

मग त्यांनी लिहिलं. हजर दोनशे अकरा. वेळ, चौतीस मिनिटं. कारण, चौथ्या मजल्यावरील कर्मचारी जिना उतरू शकत नाहीत, व तशी सोय पर्यवेक्षकानं केलेली नव्हती. 'बंबाच्या वाटेतील अडथळे' या रकान्यात, एक स्कूटर. मालक, खाली सही करणार.

कुलसचिवांनी भिंतीवरची चौकट उतरवली आणि महिनाभर ते काकांशी हसले नाहीत. अक्काला घरी बसवायची गोष्ट निघाली, तेव्हा काका कुलसचिवांच्या दारात रोज सकाळी जाऊन उभे राहू लागले. बोलत काही नसत, नुसते नाक वर करून उभे. आठवड्याभरात हुकूम निघाला: प्रबंधांची खोली तळमजल्यावर. जागा मिळाली ती पाण्याच्या पंपाशेजारची, ओलसर, खिडकी नसलेली. प्रबंधांचे गठ्ठे खाली आणायला पोरांना चार दिवस लागले. अक्कानं त्या खोलीला यथेच्छ नावं ठेवली. ती सगळ्यांशी बोलली, काकांशी सोडून. एक वाजता काका डबा घेऊन पंपाच्या खोलीच्या दारापर्यंत जात. दार आतून लोटलेलं असे. ते परत फिरत.

तीन महिन्यांनी एका बुधवारी डबीतून लाल बटण निघालं. स्कूटर आता कायमची सायकलींच्या शेडमध्ये असे, त्यामुळे कोणालाच काही कळलं नाही. सात मिनिटांत मैदान भरलं. मजलाप्रमुख आकडे घेऊन आले, पण काकांनी ते घेतले नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि स्वतः एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. लोक उन्हात कुरकुरले. काका प्रत्येक "हजर"ला मान वर करून बघत, ओ कोणाच्या तोंडून आली ते पटल्याशिवाय पुढचं नाव घेत नसत.

लांब शेपटीच्या अक्षराशी त्यांचं बोट आलं. त्यांनी नाव पुकारलं.

मजलाप्रमुख मागे वळून बघू लागले.

"हजर," मागून आवाज आला. "बघ नीट, धाकट्या. मीच आहे."

काकांनी मान वर केली आणि पाहिलं.